हाताने लिहिलेल्या एसएमएल संदेशावर एस९एफ७ येतो

प्रश्न
टूल म्हणजे चिप कारखान्यातलं यंत्र; ते होस्ट संगणकाशी एसईसीएस प्रोटोकॉलने बोलतं. त्याच्या आयडी १००१ च्या इक्विपमेंट कॉन्स्टंटची (सेटिंगची) किंमत ६० करायची आहे. सिम्युलेटरमधून एसएमएलमध्ये (हे संदेश वाचता येतील असे लिहायची पद्धत) पाठवलं ते असं:

एस२एफ१५ डब्ल्यू <एल [२] <यू२ १००१> <यू२ ६०>> .

लगेच एस९एफ७ (‘डेटा चुकीचा’ असा एरर संदेश) येतो. दुसऱ्या होस्टचा हाच बदल टूल मान्य करतं. त्याच्या लॉगमध्ये फक्त हेक्स आहे:

०० ०० ०० १८ ०० ०० ८२ ०एफ ०० ०० ०० ०० ०० ०१ ०१ ०१ ०१ ०२ बी१ ०४ ०० ०० ०३ ई९ ए९ ०२ ०० ३सी

हे एसएमएलमध्ये कसं लिहायचं?

उत्तर १
पहिले ४ बाइट लांबीचे. हेक्स १८ म्हणजे २४: हेडर १०, मजकूर १४. हेडरमधल्या ८२ मध्ये डब्ल्यू-बिट (उत्तर हवं आहे) आणि स्ट्रीम २, तर ०एफ म्हणजे फंक्शन १५, म्हणून एस२एफ१५. मजकुरात प्रत्येक आयटमच्या पहिल्या बाइटचे वरचे ६ बिट प्रकार सांगतात आणि खालचे २ बिट, लांबीसाठी पुढे किती बाइट आहेत ते. ०१ यादी (एल), बी१ यू४ (४ बाइटचा चिन्हविरहित पूर्णांक), ए९ यू२ (तसाच २ बाइटचा). म्हणून:

एस२एफ१५ डब्ल्यू
<एल [१]
  <एल [२]
    <यू४ [१] १००१>
    <यू२ [१] ६०>
  >
>
.

तुमच्याकडे बाहेरची यादी राहिली. एका संदेशात अनेक कॉन्स्टंट जातात, म्हणून एकच असला तरी जोड्यांची यादी लागतेच. शिवाय हे टूल आयडी यू४ मध्ये मागतं. रचना किंवा प्रकार चुकला की एस९एफ७. किंमत मर्यादेबाहेर असती तर एस२एफ१६ मध्ये (एस२एफ१५ चं उत्तर) ३ आला असता.

उत्तर २
कंसातल्या आकड्यावर हमखास गल्लत होते. एसएमएलमध्ये तो घटकांची संख्या असतो, पण वायरवर यादी सोडून बाकी सगळ्यांची लांबी बाइटमध्ये जाते. <यू४ [२] ५ ६> ची लांबी ०८, तर दोन घटकांच्या यादीची ०२. स्ट्रिंगचा पहिला बाइट ४१ असतो; ती २५५ बाइटच्या वर गेली की लांबीला २ बाइट लागतात आणि ४१ चा ४२ होतो. ३०० बाइटची स्ट्रिंग ४२ ०१ २सी अशी सुरू होते. स्वतःचा डिकोडर लिहिणारे ४१ हाच आकडा पक्का धरतात आणि लांब रेसिपीवर (टूलच्या कामाच्या सूचनांवर) अडकतात.

प्रश्नकर्ता
चाललं, आभार. लॉग हाताशी नसेल तर प्रकार कसा ओळखायचा?

उत्तर १
एस२एफ२९ डब्ल्यू <एल [०]> . पाठवा. एस२एफ३० मध्ये प्रत्येक कॉन्स्टंटचा आयडी, नाव, किमान, कमाल, मूळ किंमत आणि एकक येतं. आयडी आणि किमान-कमाल ज्या प्रकारात येतील, तेच प्रकार एस२एफ१५ मध्ये वापरा.