मदत हवी आहे : 'अ गुड थ्री अवर्स' की 'थ्री गुड अवर्स'?

जांभळी_पैठणी :
भाषांतराच्या एका कामात अडकले आहे. 'अ गुड थ्री अवर्स' बरोबर की 'थ्री गुड अवर्स'? संपादिकांनी माझे 'थ्री गुड अवर्स' खोडून पहिला पर्याय लिहिला आहे, पण अनेकवचनाआधी 'अ' कसा चालेल, हे मला पटत नाही. मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे, म्हणून कृपया थेट उत्तर द्यावे.

दौत_टाक :
पूर्ण वाक्य दिल्याशिवाय थेट उत्तर देता येणार नाही. मूळ मराठी वाक्य कोणते आहे? 'गुड' हे तासांचे वर्णन आहे की तासांच्या मोजमापाचे?

खडू_फळा :
मी २६ वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आहे. 'अ' हे एकवचनी नामाआधीच येते आणि 'अवर्स' अनेकवचनी आहे, म्हणून 'थ्री गुड अवर्स' हेच शुद्ध होय. संपादक म्हणतील ते सारेच प्रमाण मानू नये.

जांभळी_पैठणी :
वाक्य साधे असल्यामुळे दिले नव्हते. माझ्या आत्याने आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली, तिच्या आठवणींचे हे भाषांतर आहे. मूळ वाक्य असे : 'दिवे घाट चढायला आम्हांला चांगले तीन तास लागले.' याच पानावर पुढे 'दमवणारे पण समाधानाचे अठरा दिवस' असेही आहे, आणि तिथेही संपादिकांनी विशेषण उचलून संख्येच्या आधी नेले आहे.

दौत_टाक :
मग उत्तर तुमच्या आत्यांच्या वाक्यातच आहे. त्यांनी 'चांगले तीन तास' म्हटले, 'तीन चांगले तास' म्हटले नाही. पहिल्याचा अर्थ निदान तीन तास, कमी नाहीत. दुसऱ्याचा अर्थ सुखाचे तीन तास. घाट चढताना धाप लागलेली बाई दुसरे म्हणणार नाही. मराठीत 'अ'सारखे उपपद नसल्यामुळे हा भेद केवळ शब्दांच्या क्रमावर उभा आहे. इंग्रजी तोच क्रम ठेवते आणि वर 'अ' जोडते. विशेषण संख्येच्या आधी आले की तीन तासांची एक मोळी बांधली जाते, आणि 'अ' त्या मोळीला लागतो, सुट्या तासांना लागत नाही. विशेषण काढून टाकले तर 'अ थ्री अवर्स' आजच्या इंग्रजीत चालत नाही. म्हणजे 'अ'ला तिथे जागा मिळते ती विशेषणामुळेच. 'अ मिअर थ्री अवर्स' म्हणजे आपले 'नुसते तीन तास', 'अ फुल थ्री अवर्स' म्हणजे 'पुरते तीन तास'. यांतील 'मिअर' संख्येच्या पुढे सरकवून पाहा, 'थ्री मिअर अवर्स' लगेच कानाला खटकते.

खडू_फळा :
हे बोलीतले रूप असेल. लेखी इंग्रजीत नियम मोडण्यास आधार काय? एखादा प्रयोग रूढ आहे एवढ्यावरून तो शुद्ध ठरत नाही, आणि विद्यार्थ्यांना असे अपवाद सांगत बसलो तर त्यांचा मूळ नियमही डळमळतो.

दौत_टाक :
सर, 'अनदर टू डेज' हा प्रयोग आपण वर्गात चुकीचा ठरवत होता का? 'अनदर' म्हणजे 'ॲन' आणि 'अदर' हे जोडून लिहिलेले दोन शब्द. तिथे 'ॲन' आहे, विशेषण आहे, मग संख्या आणि शेवटी अनेकवचनी नाम आहे. हीच घडण 'अ गुड थ्री अवर्स'ची आहे. केवळ जोडून लिहिल्यामुळे ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

खडू_फळा :
'अनदर'चा विचार मी या बाजूने कधी केला नव्हता. मुद्दा मान्य आहे. मात्र मग क्रियापद कोणते, हेही सांगा, कारण मुलांचे गुण तिथे जातात.

शिळा_प्रेस :
मी मुद्रितशोधन करतो. दोन्ही वाचनात येतात. काळाचा सलग तुकडा मनात असेल तर 'अ गुड थ्री अवर्स वॉज लॉस्ट' लिहितात, पण 'वेअर'ही छापलेले आढळते. मी स्वतः 'वॉज' ठेवतो. जाता जाता सांगतो, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये लूकच्या ९ व्या अध्यायात 'अबाउट ॲन एट डेज' असे आले आहे, म्हणजे विशेषण नसतानाही संख्येआधी 'ॲन' आहे. एकेकाळी ती वाट मोकळी होती; आता विशेषणाशिवाय ती बंद आहे.

जांभळी_पैठणी :
तीन तासांचे कळले, आभारी आहे. माझ्या वाक्यात ते तास कर्त्याच्या जागी नाहीत, त्यामुळे क्रियापदाची अडचण येत नाही. अठरा दिवसांचे मात्र अजून कोणी सांगितले नाही. 'ॲन एक्झॉस्टिंग एटीन डेज' की 'एटीन एक्झॉस्टिंग डेज'? इथे दोन्ही बरोबर वाटतात.

दौत_टाक :
व्याकरणाने दोन्ही बरोबर आहेत, म्हणून इथे अर्थाने ठरवावे लागेल. दुसऱ्यात प्रत्येक दिवस दमवणारा ठरतो. पहिल्यात सगळा काळ मिळून दमवतो, मग त्यात एखादा विसाव्याचा दिवस असला तरी बिघडत नाही. पालखीचे पुण्यात आणि सासवडला दोन-दोन मुक्काम असतात. आत्यांनी तिथे विश्रांती घेतली का?

जांभळी_पैठणी :
घेतली. सासवडच्या मुक्कामात त्यांनी पायांना तेल लावून दुपारभर झोप काढल्याचे वर्णन दोन पाने चालते. म्हणजे पहिले रूप योग्य, आणि संपादिकांनी ते वर्णन लक्षात ठेवूनच बदल केला असावा. त्या नुसते 'असेच म्हणतात' एवढे लिहून थांबल्या, म्हणून माझा गैरसमज झाला.

परदेशी_चहा :
मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. आपल्याकडचे लोक 'टुडे मॉर्निंग' आणि 'यस्टरडे नाइट' म्हणतात, ते आधी सुधारायला हवे. 'धिस मॉर्निंग' आणि 'लास्ट नाइट' म्हणावे. 'लास्ट मंडे'च्या आधी 'ऑन'ही लावू नये. 'मागच्या सोमवारी' यातला 'ई' प्रत्यय आपल्या मनात असतो, आणि तोच 'ऑन' होऊन बाहेर पडतो.

खडू_फळा :
ताईंनी हे विचारलेले नाही.

जांभळी_पैठणी :
विचारले नव्हते हे खरे, पण उपयोगी पडले. 'त्या दिवशी पहाटे' याचे मी 'ऑन दॅट डे अर्ली मॉर्निंग' केले होते.

दौत_टाक :
तिथे 'अर्ली दॅट मॉर्निंग' लिहा. 'लेट लास्ट नाइट' म्हणजे 'काल रात्री उशिरा', तशीच ही घडण आहे. 'अर्ली' आणि 'लेट' हे एकटे असता नामाला विशेषणासारखे चिकटतात, पण इथे ते पुढच्या संपूर्ण कालवाचक शब्दसमूहाच्या बाहेर उभे राहून वेळ नेमकी करतात.

शिळा_प्रेस :
मुखपृष्ठावर किंवा शीर्षकात 'अठरा दिवसांची वारी' येणार असेल तर तेही आताच पाहून घ्या. 'ॲन एटीन-डे वॉक' लिहिल्यास मध्ये जोडरेघ हवी आणि 'डे' एकवचनी हवा. षष्ठी ठेवायची असेल तर 'एटीन डेज' मधील शेवटच्या 'एस'नंतर षष्ठीचे चिन्ह द्यावे, आणि मग जोडरेघ नको. या दोन्हींची सरमिसळ झालेली मुद्रिते माझ्याकडे नेहमी येतात.

जांभळी_पैठणी :
सर्वांचे मनापासून आभार. जोडरेघेचे रूप घेते. आत्ताच आत्याला फोनवर ते वाक्य वाचून दाखवले, तर ती म्हणाली की घाटाला तीन नव्हे, चांगले साडेतीन तास लागले होते, आणि ते तसेच लिहायला हवे. आता 'अ गुड थ्री अँड अ हाफ अवर्स' यात दोन 'अ' येतात. चालेल ना?

दौत_टाक :
चालेल. दुसरा 'अ' अर्ध्याचा आहे, पहिला सगळ्यांचा. निर्धास्त पाठवा.