वस्तऱ्याने दाढी: शहाणपण की नुसती हौस?

शनिवारपेठी

दोन वर्षं झाली, मी घरी वस्तऱ्याने दाढी करतो. सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा नव्हे. खराखुरा, घडी होणारा, धार लावावी लागते तो. मित्रमंडळींत यावरून इतकी टिंगल झाली की शेवटी इथे मांडतोय.

माझं म्हणणं असं की गेल्या सव्वाशे वर्षांत दाढीचं सामान बदललं ते दाढी चांगली व्हावी म्हणून नाही, पाती खपावीत म्हणून. किंग जिलेट या अमेरिकन माणसाने १९०३ साली फेकून द्यायच्या पात्याचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, खप वाढला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते ही सवय लावून घेऊनच. मग १९७१ साली एका दांड्यावर दोन पाती आली, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. एवढ्या काळात आमच्या घराण्यातल्या हनुवट्यांमध्ये काही फरक पडल्याचं ऐकिवात नाही.

जास्त पात्यांची गंमत अशी: पहिलं पातं केसाला जरा बाहेर ओढून कापतं आणि तो आत परतायच्या आत मागचं पातं त्याला पुन्हा गाठतं. गाल गुळगुळीत लागतो तो त्यामुळे. पण केस कातडीच्याही खाली कापला जातो, आणि माझ्यासारखा कुरळा असेल तर उगवताना वळून कातडीतच घुसतो. कॉलेजपासून अडतिसाव्या वर्षापर्यंत माझ्या गळ्यावर लाल पुटकुळ्यांची रांग होती. वस्तरा धरल्यापासून गेली.

वस्तरा मिळाला जुन्या बाजारात, एका रविवारी, बिजागऱ्या आणि बंद घड्याळांच्या ढिगात. बुडाशी सोलिंगेनचा छाप, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं शहर. साडेतीनशे रुपये. दगडावर धार काढली, जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर परजायला शिकलो. पहिल्या महिन्यात ऑफिसात दोनदा मांजराचं नाव सांगावं लागलं. आता बारा मिनिटांत उरकतं. कापलंच तर तुरटी फिरवली की झालं. दोन वर्षांचा खर्च शून्य.

बोला.

कोथरूड डेपो

७.४०ची कंपनीची बस. बारा मिनिटांत माझी दाढी, अंघोळ आणि बायकोशी अर्धं भांडण होतं.

भोसरी टूलरूम

हत्यारांना धार काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून थोडं लांबण लावतो.

वस्तऱ्याची घडण हुशारीची आहे, यात वाद नाही. दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. कोन हाताने धरावा लागत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदीच तो ठरवते. सोळा-सतरा अंशांच्या आसपास येतो. चामड्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. उलटं झालं तर वस्तरा नाही, पट्टा कापला जातो.

पण 'खर्च शून्य' हे कसं? १००० नंबरचा दगड आणि वर ८००० नंबरचा बारीक दगड, हे फुकट मिळतात का? जुन्या कमरपट्ट्यावर परजून धार टिकते म्हणताय, तर तुमची धार मला एकदा भिंगाखाली बघायची आहे. त्यात तुमचं पोलाद गंजणारं. जुलै-ऑगस्टमध्ये वस्तरा ओल्या बाथरूममध्ये राहिला तर आठवड्यात डाग दिसतील. कोरडा पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवताय ना?

एक गोष्ट दोन्ही बाजूंसाठी. दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो, तरी पातं बोथट होतं. का, ते अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढी कापून पाहिलं. २०२० साली निष्कर्ष छापून आला. धार नुसती हळूहळू घासून जात नाही. केस वाकून तिरका लागला, आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की धारेचा बारीक कपचा उडतो. म्हणजे दोनशे रुपयांचं पातं असो नाहीतर तुमचं सोलिंगेन, कपचे उडणारच. तुम्ही ते दगडावर काढता, आम्ही पातं बदलतो.

आणि तुमची पुटकुळ्यांची तक्रार पाच पात्यांविरुद्ध आहे. त्यावर औषध एक पातं. त्यासाठी वस्तराच कशाला? आपल्या वडिलांच्या कपाटात होता तो पिळून उघडणारा साधा रेझर आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड ब्लेड, तीन-चार रुपयांचं. तुम्ही दोन टोकांची भांडणं लावताय आणि मधल्या घराकडे बघतही नाही.

शनिवारपेठी

दगड मामाचे. ते सुतारकाम करायचे. म्हणजे खर्च मामाने केला, हे कबूल. तेल लावतो. मधल्या घरात मी सहा महिने राहून आलोय. पुटकुळ्या कमी झाल्या, गेल्या नाहीत.

लॅबवाली

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वाचता वाचता 'जुन्या बाजारात मिळाला' इथे थांबले. तो वस्तरा आधी कोणाच्या गालावर फिरला, काही कल्पना? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान सात दिवस जगतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त त्याला पुरतं. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू थांबत नाही. 'तुरटी फिरवली की झालं' हे वाक्य वाचून कोणी मुलगा वडिलांचा वस्तरा उचलेल, म्हणून टोकते.

तुम्ही तो वापरायच्या आधी नक्की काय केलंत?

शनिवारपेठी

गरम पाणी, डेटॉल, मग दगड.

लॅबवाली

दगडाने धार नवी झाली. मुठीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीचं काय? पातं मिटलं की तिथेच जाऊन बसतं. दोन वर्षं उलटली आणि तुम्ही ठणठणीत आहात, आनंद आहे. तरी रक्त तपासून घ्या आणि हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या. रेझर कुठलाही असो, एका माणसाचा एकच. घरातसुद्धा. नवरा-बायकोतसुद्धा.

कोथरूड डेपो

शेवटचं वाक्य आमच्या घरी छापून लावतो. माझा रेझर नेमका कशाने बोथट होतो हे कोडं सुटलं.

दुकान मंडईमागे

नमस्कार. माझं सलून आहे, दुसरी पिढी. साहेबांची हौस वाचली. हौसेला नाव ठेवत नाही, पण आमच्या बाजूने बघा.

माझे वडील वस्तऱ्यावरच शिकले. गावाकडे बलुतं होतं. वर्षभर घरोघरी दाढ्या करायच्या आणि सुगीला धान्य घ्यायचं, तेही कधी पायलीला कमी. धोकटीत वस्तरा, कात्री, धार लावायचा निसणा, आरसा, पाण्याची वाटी. पुण्यात आल्यावर आधी रस्त्याकडेला बसले, मग गाळा घेतला. वस्तरा हातात असणाऱ्याला ओट्यावर कुठे बसायला मिळायचं, हे तुमच्या जुन्या बाजारातल्या वस्तऱ्यावर कोरलेलं नसतं.

मला त्यांनी फुग्यावर शिकवलं. फुगवायचा, साबण लावायचा, फेस उतरवायचा. फुटला की त्या दिवशी चहा नाही. दाढीत उजवा हात सगळे बघतात, काम डाव्या हाताचं असतं. कातडी ताणायची, आणि गळ्यावर केस तीन दिशांनी उगवतो तिथे ताणायची दिशाही तीनदा बदलायची. घरी आरशात बघून स्वतःचा गळा असा ताणणं फार अवघड. पुटकुळ्या गेल्या म्हणता ते वस्तऱ्यामुळे नसेल. वस्तऱ्याच्या भीतीने तुम्ही दाढी नीट भिजवायला लागलात, सावकाश करायला लागलात आणि उलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध पातं फिरवणं, सोडलात. हे तिन्ही त्या तीन रुपयांच्या ब्लेडबरोबर करून बघा.

नव्वदच्या सुमाराला एड्सची चर्चा सुरू झाली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी विचारायला लागलं, 'ब्लेड नवीन ना?' वडिलांनी वस्तरा कपाटात टाकला तो कायमचा. आता मी गिऱ्हाइकासमोर कागद फाडतो, ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं लावतो. कागद फाडल्याचा आवाज ऐकू आला नाही तर लोक मान मागे टाकत नाहीत. ब्लेडवाला वस्तरा हलका लागतो, जुन्याचं वजन स्वतःच काम करायचं, हे खरं. वडील अजून म्हणतात, याला हात नाही. पण परत जुना काढ म्हणत नाहीत.

गरवारेमागची

एवढे प्रतिसाद झाले, वस्तऱ्याचं वजन झालं, पोलाद झालं, हनुवट्या झाल्या. याच शहरातल्या वाड्यांत हाच वस्तरा विधवा बायकांच्या डोक्यावरून दर पंधरवड्याला फिरायचा, हे एकाही पुरुषाला आठवलं नाही. माझ्या पणजीचं केशवपन एकविसाव्या वर्षी झालं. आमच्या घरात 'वारसा' म्हणून वस्तरा कोणी हातात घेतला तर मी तो बाहेर ठेवायला सांगेन. विषयांतर वाटत असेल तर वाटू दे.

दुकान मंडईमागे

ताई, विषयांतर नाही. आमच्यात हे सांगतात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतली माणसं ती. पोट त्या कामावर असताना नाही म्हणाले. वडिलांचा वस्तरा मी टाकून देत नाही तो यासाठी. तुमचं दुखणं वेगळं, ते मला कळतं.

शनिवारपेठी

गरवारेमागची, खरंच डोक्यात आलं नव्हतं.

रोज सकाळी पर्वती

वय ७१. रक्त पातळ करायची गोळी चालू, उजव्या हाताला किंचित कंप. मुलाने विजेचा रेझर आणून दिला. मोटारीवर चालणारा रेझर जेकब शिक याने १९३१ साली विकायला आणला, म्हणजे तो माझ्याहूनही वयाने मोठा, तेव्हा त्याला 'आजकालची फॅशन' म्हणू नये. दाढी तुमच्याइतकी घोटून होत नाही. पण मला आता कोणाच्या गालाला गाल लावायचाय? नातवाला, आणि त्याला खुंट टोचलेले आवडतात.

औंध ओला सुका

मुद्दा कचऱ्याचा, तो कोणी काढलाच नाही. प्लास्टिक, रबर आणि पोलाद एकत्र चिकटवलेलं ते पाच पात्यांचं मुंडकं भंगारवालाही घेत नाही. इथे वस्तऱ्याला पैकीच्या पैकी गुण. पण भोसरी टूलरूमचं लाडकं सुटं ब्लेड सगळ्यांत वाईट! आमच्या सोसायटीत कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात. कागदात गुंडाळलेल्या ब्लेडने एकीची बोटं कापली, तीन टाके पडले. ब्लेड कोणत्या फ्लॅटचं, तर सगळे दाढीवाले! सॅनिटरी नॅपकिनच्या पुडक्यावर लाल ठिपका काढायला शिकलात, तसंच ब्लेडं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा, झाकणाला फट पाडा, भरला की चिकटपट्टीने बंद करून वर लिहून हातात द्या. एक डबा वर्षानुवर्षं पुरतो.

भोसरी टूलरूम

मान्य. आजच बोर्नव्हिटाचा डबा रिकामा करतो. मुलगा खूश.

कोथरूड डेपो

शनिवारपेठी, विमानात काय करता? वस्तरा हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, भोसरीवाल्यांचं सुटं ब्लेडही नाही. माझा पाच पात्यांचा मात्र जातो. विज्ञानाचा विजय असो.

शनिवारपेठी

प्रवासात दाढी वाढवतो. चार दिवसांत कोणी मरत नाही.

आता माझी बाजू. लॅबवालींनी जिथे धरलं तिथे मी चूक. उद्या रक्त द्यायला जातोय आणि मूठ पूर्ण उघडून साफ करेपर्यंत वस्तरा बंद. खर्चाचा मुद्दा मामाच्या नावावर जमा. पण पाती वाढवत नेण्यात दाढीचं हित किती आणि विक्रीचं किती, यावर एकानेही सरळ उत्तर दिलेलं नाही. कोथरूड डेपो, तुमचं उत्तर बसचं वेळापत्रक आहे. वेळ वाचतो म्हणा, मी ऐकेन. दाढी चांगली होते म्हणू नका.

राहता राहिला दुकानवाल्यांचा आरोप, की गुण वस्तऱ्याचा नसून भिजवण्याचा. तो मला झोंबला, कारण तसं असू शकतं. महिनाभर साधं ब्लेड, तेच भिजवणं, तोच सावकाश हात, उलटा हात नाही, असं करून गळ्याचे फोटो टाकतो. पुटकुळ्या परत आल्या नाहीत तर वस्तरा ही हौस होती असं इथेच लिहीन. हौस म्हणून मात्र ठेवीन.

भोसरी टूलरूम

फोटो गळ्याचे नकोत. धारेचे टाका.

दुकान मंडईमागे

साहेब, महिनाभर कशाला थांबता. सोमवारी दुकान बंद असतं, वडीलही असतात. चार दिवसांची दाढी वाढवून या, अर्ध्या गळ्यावर ब्लेड फिरवू, अर्ध्यावर त्यांचा कपाटातला वस्तरा, उकळून घेतलेला. डावा हात कुठे ठेवायचा ते त्यांच्याकडूनच बघा. मांजराला सोबत आणायची गरज पडणार नाही.