मदत हवी आहे : गणपत गल्लीतल्या जुन्या दुकानात कोण कोण होतं?

नमस्कार मंडळी. बेळगावात गणपत गल्लीत आमच्या आजोबांनी भाड्याने घेतलेलं एक दुमजली दुकान होतं. खाली फळ्यांचं दार, वर लाकडी सज्जा. पुढच्या महिन्यात ती इमारत पाडणार आहेत, म्हणून तिथे कोणकोण येऊन गेलं ते लिहून ठेवायचं आहे.

मला माहीत आहे ते एवढंच : आजोबांचं कापडाचं दुकान, मग शिंपी, मग बरीच वर्षं कॅसेटवाले (दसऱ्याच्या आधी तिथे उभं राहायला जागा नसायची), आता मोबाईल दुरुस्ती. शिंप्यांचा काउंटर कॅसेटवाल्यांनीही वापरला. त्याच्या कडेला खिळ्यांनी ठोकलेली, कापड मोजायची पितळी गजपट्टी होती, ती मी स्वतः पाहिली आहे.

आजोबांच्या आधीचं काहीच कळत नाही. माळ्यावर मोडी लिपीतल्या काही पावत्या सापडल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्यामुळे जुने कागद मराठीत आणि नंतरचे कन्नडमध्ये आहेत. मला मोडी आणि कन्नड दोन्ही नीट लागत नाहीत.

मोडी वाचणारं कुणी आहे का? सिटी सर्व्हेचा (शहरातल्या जागांच्या सरकारी नोंदीचा) जुना उतारा कसा मागायचा? आणि घरात त्या गल्लीचा जुना फोटो, लग्नाच्या बस्त्याचं बिल, 'तरुण भारत'मधली जाहिरात असेल तर कृपया दाखवा. मागे दुकानाची पाटी दिसत असली तरी पुरे. वडील ८१ वर्षांचे आहेत, रोज विचारतात, काही मिळालं का म्हणून.