सोसायटीचा ग्रुप: हॉल-किचनमधली भिंत काढणे (ब्लॉक ४)

ब्लॉक ४: नमस्कार. हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आहे. कंत्राटदार म्हणतो दोन दिवसांचं काम, वर एक लोखंडी गर्डर टाकू. सोसायटीची एनओसी हवी होती.

ब्लॉक ९: भिंत प्लास्टरसकट किती भरते?

ब्लॉक ४: साडेदहा इंच.

ब्लॉक ९: म्हणजे ९ इंची वीटकाम. आपल्या बिल्डिंगला कॉलम नाहीत, भार भिंतीच पेलतात. छतालगत फूटभर प्लास्टर काढून बघा, बीम न दिसता स्लॅब थेट विटांवर बसलेला दिसेल. वर ७ मध्ये त्याच रेषेत भिंत आहे ना?

ब्लॉक ७: आहे. तिच्यावर आमचा पोटमाळाही आहे, सामानाने भरलेला 😅

ब्लॉक ९: ढोबळ हिशेब सांगतो. दोन्हीकडच्या खोल्या १० फुटी. फरशी, माणसं, सामान धरून एका स्लॅबचे भिंतीच्या दर मीटर लांबीला २ टन. ७ च्या भिंतीचे १.४ टन. तुमचं छत, ती भिंत आणि गच्ची मिळून मीटरला साडेपाच टनांच्या आसपास. १० फुटांच्या मोकळ्या जागेवर १६ टन, गर्डरच्या एकेका टोकाला ८. कंत्राटदाराला हा आकडा विचारा.

ब्लॉक ४: काका, मग होणारच नाही का?

ब्लॉक ९: होतं की. पण भिंत सगळ्यात शेवटी फुटते. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन-अडीच फुटांवर, दर ३ फुटांना प्रॉप (लोखंडी टेकू), वर-खाली जाड फळी. प्रॉपचा जॅक हाताने आवळायचा, स्लॅब उचलायचा नाही, नाहीतर ७ ची फरशी तडकते.

ब्लॉक २: आणि तेवढेच प्रॉप खाली ब्लॉक १ मध्ये, बरोब्बर त्याच रेषेत. नाहीतर ४ चा भार ४ च्याच जमिनीवर, म्हणजे १ च्या छतावर येतो. हे बहुतेक गवंडी सोडून देतात.

ब्लॉक १: किती दिवस?

ब्लॉक २: तीन आठवडे धरा.

ब्लॉक ९: मग गर्डरच्या टोकांखाली काँक्रीटचे बेड ब्लॉक (भार पसरवणारे ठोकळे), २ फूट लांब, ८ इंच उंच, भिंतीच्या पूर्ण जाडीचे. एका वेळी एकच टोक. गर्डर फूटभरच विटांवर टेकला तर तिथे चौरस सेंटिमीटरला साडेअकरा किलो येतात, जुन्या विटा चुरतात. २ फुटांवर पसरला की निम्मे. ७ दिवस पाणी मारायचं.

एक मोठा गर्डर नको. २०० मिमी उंचीचे दोन आयएसएमबी (आय आकाराचे लोखंडी गर्डर), १२ फुटी. एकाचं वजन नव्वदेक किलो, चार माणसं उचलतात. एका बाजूने साडेचार इंच खोल खाच काढून पहिला बसवायचा, तोवर उरलेली अर्धी भिंत भार धरते. तीन-चार दिवसांनी दुसऱ्या बाजूने दुसरा. मग दोन्ही आरपार बोल्टने जोडायचे.

ब्लॉक ४: स्लॅब आणि गर्डरच्या मध्ये काय?

ब्लॉक ९: इंचभर फट ठेवून आधी लोखंडी पाचरी ठोकायच्या, मग नॉन-श्रिंक ग्राउट (न आक्रसणारा सिमेंटचा मसाला) घट्ट कालवून गच्च भरायचं. पूर्ण भार आला की गर्डर ६-७ मिमी वाकतो. पाचरीने आधीच ताणला नसेल तर तेवढा स्लॅब खाली बसतो आणि ७ च्या भिंतीला तिरके तडे जातात. साधा मसाला भरला तर तो आक्रसतो, फट पुन्हा तयार.

ग्राउटनंतर ७ दिवस थांबून मग भिंत, वरून खाली, कटरने. ब्रेकर अजिबात नको, हादरे बसतात.

ब्लॉक २: भूकंपाचंही बघावं लागेल, पुणे झोन ३ मध्ये आहे. टोकांना किती भिंत शिल्लक राहते ते इंजिनिअर ठरवेल. मला वाटतं १० ऐवजी ८ फुटांवर भागवा, ओटा तरीही मोकळा होतो.

सचिव: स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीचं ड्रॉइंग, महापालिकेची परवानगी आणि १ व ७ ची लेखी संमती आली की एनओसी. घाटकोपरला २०१७ मध्ये तळमजल्यावर काम चालू असताना इमारत कोसळून १७ जण गेले, त्यामुळे यात सूट नाही.

ब्लॉक ९: राबिट (फुटक्या विटा-मसाला) साडेतीन-चार टन निघेल. खोलीत ढीग नको, रोजच्या रोज गोणीतून खाली.

ब्लॉक ७: माझी संमती आहे. ड्रॉइंग ग्रुपवर टाका, तोवर पोटमाळा रिकामा करतो.