नोकरी लंडनची, घर देवगडला. वर्षभर राहायला कुठलं शहर?

कातळफूल
नमस्कार मंडळी. मी देवगडची. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मुंबईहून घरी आले ती परत गेलेच नाही. लंडनच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पडवीत टेबल टाकून. आता कंपनी म्हणते, वर्षभर हव्या त्या देशातून काम कर. व्हिसाचं तुझं तू बघ आणि लंडनच्या नऊ ते पाचला हजर राहा.

वय 36, एकटी. समुद्रासाठी जादा भाडं मोजणार नाही, तो मागच्या दारी आहे. पावसात लाइट न जाणारं गाव हवंय. यंदा मिरगाला फणसाची फांदी केबलवर पडली, भर मीटिंगमध्ये मी गायब, पुढचे चार दिवस जामसंड्याला मावशीच्या माजघरातून काम केलं. शिवाय पायी जाता येईल असा बाजार, आणि मासे. डोक्यात मलेशियातलं पेनांग आणि पोर्तुगालचं लिस्बन आहेत. आईचं एकच, "हयसर काय कमी आसा तुका?"

बंदररोड
पेनांगला आठ महिने काढलेत, जॉर्ज टाउनमध्ये. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, त्यामुळे माशांचं आधी सांगतो. बाजारात 'इकान केंबुंग' मागायचा, तो आपला बांगडाच. कोकम मिळत नाही, पण 'आसाम केपिंग' म्हणून वाळवलेल्या आंबट चकत्या मिळतात, कोकमाच्याच कुळातल्या. तिखल्यात दोन टाकल्या की आंबटपणा बरोबर उतरतो. रंग येत नाही, तेवढं चालवून घ्यायचं.

व्हिसा सोपा. मलेशियाने 2022 मध्ये 'डीई रांताउ' पास काढला, आपल्यासारख्या संगणकवाल्यांना वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागायचं. लाइट कधी गेल्याचं आठवत नाही.

पण तुला लंडनचं घड्याळ आहे, म्हणून जाऊ नको. पेनांग भारताच्या अडीच तास पुढे. हिवाळ्यात तुझे नऊ ते पाच म्हणजे तिथे संध्याकाळी पाच ते रात्री एक. माझंही तसंच होतं. सकाळ अख्खी माझी, पण सकाळी भेटणार कोण? लोक कामावर. ते सुटून नाक्यावर चहाला जमायचे तेव्हा मी हेडफोन चढवून बसलेला. आठ महिन्यांत ओळख झाली ती मासेवालीशी. देवगडला निदान रात्री साडेदहाला तरी सुटतेस.

तेरेखोलपलीकडे
लिस्बनचं घड्याळ लंडनचंच, तो प्रश्न मिटला. व्हिसाला मात्र त्यांच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं, आणि घरभाडं ऐकून घाम फुटेल. तो घाम जानेवारीत घरात वाळतो, कारण बऱ्याच जुन्या घरांना हीटिंग नाही. मी घोंगडी पांघरून मीटिंगा केल्यात. शहर सगळं चढ-उताराचं, गुडघे शाबूत असतील तर मजा आहे.

खाडीवरची
मॉरिशस कसं कुणी सुचवलं नाही? भारताच्या दीड तास मागे. हिवाळ्यात तुझी ड्युटी दुपारी एक ते रात्री नऊ, उन्हाळ्यात बारा ते आठ. सकाळी बाजार, रात्रीचं जेवण माणसांबरोबर. 2020 मध्ये त्यांनी बाहेरच्यांसाठी वर्षभराचा प्रीमियम व्हिसा काढला, मी 2023 ला गेले तेव्हा महिना 1,500 डॉलर उत्पन्न पुरे होतं. आताचा आकडा बघून घे.

मी कात्र बोर्नला राहिले. किनाऱ्यावर नाही, पण भाजीबाजार मोठा. आणि तिथे आपले लोक आहेत गं, उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकण्यांचे पणतू. बोलतात क्रिओल, पण गणपतीत झाकरी नाचायला लागले की पाय आपल्या जाखडीसारखे पडतात. मी मागे उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

फुकट काही नाही. संध्याकाळी बस लवकर बंद होते. आणि चक्रीवादळं: इशाऱ्याचे चार वर्ग, तिसरा लागला की सगळं ठप्प. जानेवारी 2024 च्या बेलाल वादळात पोर्ट लुईत गाड्या वाहून गेल्या. तुझ्या फणसाच्या फांदीचं तिथे फार कौतुक करू नको.

बंदररोड
एक राहिलं. भारतातल्या आयकरासाठी आर्थिक वर्षातल्या 182 दिवसांचा हिशेब लिहून ठेव आणि जाण्याआधी सीएला भेट. मी आल्यावर भेटलो.

कातळफूल
सगळ्यांचे आभार. घड्याळाचं डोक्यातच आलं नव्हतं, मी आपली भाडी आणि फोटो बघत बसले होते. सध्या मॉरिशसचे कागद काढायला घेतलेत.

आईला सांगितलं, तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. ती म्हणाली, "सुट्टी आसा मां, मगे घराकच ये." आता तिला कसं समजावू की सुट्टी मॉरिशसला असते, माझी हजेरी लंडनला?