कॉलेज करता करता घरचा बेदाणा विकतोय, एक वर्ष ड्रॉप घेऊ का?

तासगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, हॉस्टेलला राहतो. गाव तासगाव तालुक्यात, घरी द्राक्षबाग आणि बाबा बेदाणाच करतात. दरवर्षी बघतो, सौद्यात (म्हणजे बाजारातल्या लिलावात) माल गेला की बॉक्स फोडून बेदाण्याची उधळण, वर वजनात तूट, आणि नियम काही असो, पैसे कधी येतील ते अडत्या ठरवणार. म्हणून दिवाळीला येताना १५ किलोचे दोन बॉक्स घेऊन आलो, पाव पाव किलोचे पाऊच भरले आणि हॉस्टेल, कॉलेजचे सर-मॅडम आणि मावशीच्या सोसायटीत मिळून ९ दिवसात १२० च्या १२० पाऊच संपले. ८० ला एक. बाबांना सौद्यात १९० चा दर मिळाला असता, मी ३२० नी विकला, म्हणजे ३९०० सुटले!! तेव्हापासून अभ्यासात डोकंच लागत नाहीये, एक विषय पण राहिलाय, केटी आहे. वाटतंय एक वर्ष ड्रॉप घ्यावा, मुद्रा लोन काढावं आणि फुल टाइम हेच करावं. बाबा म्हणतात आधी डिग्री, आई काहीच बोलत नाही. काय करू?

हिशेबनीस_मिरज

भावा आधी अभिनंदन, तुझ्या वयात मी वडापावच्या उधारीत बुडालेलो. पण ३९०० सुटले म्हणतोस ते कसे? पाऊच आणि स्टिकर किती? एसटीत की ट्रॅव्हल्सनी आणलास, त्याचं भाडं? सोसायटीत फेऱ्या मारल्या त्याचं पेट्रोल? कुणाकडे पैसे राहिलेत का? आणि मेन म्हणजे बाबांना ते १९० दिलेस का, का घरचंच आहे म्हणून सोडून दिलं :)

तासगावचा_पोरगा

पाऊच-स्टिकर ७२०, ट्रॅव्हल्सवाल्यानी ३०० घेतले, पेट्रोल ६०० च्या आसपास. ११०० अजून यायचेत, त्यातले निम्मे आमच्याच विंगमधल्या पोरांकडे. बाबांना नाही दिले अजून...

हिशेबनीस_मिरज

मग २२८० राहिले, त्यातले ११०० लोकांच्या खिशात. आणि ९ दिवस रोज चार तास धरले तरी ३६ तास, म्हणजे तासाला ६३ रुपये. वाईट नाहीये हे, पण यासाठी वर्ष घालवू नको लेका. बाबांचे ५७०० आधी दे, मग कळेल धंद्यात खरंच पैसा फिरतोय का घरचा माल संपतोय.

लोनचं म्हणशील तर शिशु मुद्रा, म्हणजे मुद्रातलं सगळ्यात छोटं लोन, ५० हजारांपर्यंत मिळतं, पण तुला आत्ता अडलंय कुठे? भांडवलाला नाही अडलं, तुझ्या घरी शेडवर माल आहे. ५० हजाराचं करणार काय तू, हप्ता मात्र लगेच सुरू होईल.

कोथरूडची_सुनंदा

मी गिऱ्हाईक म्हणून सांगते रे बाळा. दिवाळीत बेदाणा कोणीही घेतं. जूनमध्ये येऊन विकून दाखव, तेव्हा घेणारं घर हे तुझं खरं गिऱ्हाईक. आमच्याकडे असाच एक मुलगा यायचा, पावसाळ्यात त्याचा माल चिकट आणि काळपट निघाला, ग्रुपवर एकीने फोटो टाकला आणि संपलं. आणि पिवळाधमक असला की आम्ही विचारणारच, गंधकाची धुरी दिलीय का. दिली असेल तर सांग सरळ. मला स्वतःला हिरवट आवडतो, खिरीत छान फुगतो. पाव किलोपेक्षा अर्ध्याचं पाकीट कर.

लेबल_लावा_आधी

काकू बरोबर बोलल्या. सल्फर म्हणजे गंधक असेल तर लेबलवर लिहावंच लागतं. पाऊचवर वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता, फोन हे पण पाहिजे. एफएसएसएआयचं, म्हणजे खायचा माल विकायला लागणारं, बेसिक रजिस्ट्रेशन मी २०२२ ला काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपये होते, ऑनलाइन झालं, एजंटला दीड हजार देऊ नको. छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ते उद्यम रजिस्ट्रेशन, तर फुकट आहे. फक्त कुणाच्या बेंगलोरच्या बहिणीला कुरियर करायच्या भानगडीत आत्ताच पडू नको, राज्याबाहेर माल विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही असो जीएसटी नंबर लागतो.

पावसाळ्यासाठी माल हॉस्टेलच्या कपाटात ठेवायचा नाही, गावाकडं कोल्ड स्टोरेजलाच राहू दे आणि महिन्याला लागेल तेवढाच आण.

आणि ड्रॉपबद्दल, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं तेव्हा ते मुंबईत व्हीजेटीआय या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिकवत होते, सायकली तिकडून पाठवायचे आणि भाऊ विकायचा. नोकरी सोडून पळाले नाहीत लगेच. तुझं तर उलटं सोपं आहे, माल गावाकडं आणि गिऱ्हाईक हॉस्टेलच्या भिंतीला लागून.

तासगावचा_पोरगा

सगळ्यांना थँक्यू. काल बाबांना ५७०० पाठवले (११०० मित्राकडून उसने घेऊन, हसू नका). फोनवर आधी गप्पच बसले, मग म्हणाले पुढच्या महिन्यात तीन बॉक्स देतो, सौद्याच्या दरानं, एकवीस दिवसांत पैसे पाहिजेत, अडत्याला जो नियम तोच तुला. ड्रॉपचा विषय मी काढलाच नाही. केटीचा पेपर झाला की सोसायटीत अर्ध्या किलोची पाकिटं घेऊन जातो.

सुनंदाकाकू, हिरवट मालाचा एक बॉक्स वेगळा काढायला सांगितलाय. विंगमधल्या पोरांकडून उधारी कशी काढायची ते कुणी सांगेल का?

हिशेबनीस_मिरज

मेसच्या दारात उभा राहा. एक तारखेला.