मदत हवी: पुतणीला कॅथलिक विद्यापीठात पाठवावं का? तिथली प्रार्थना आणि समाजकाम याबद्दल विचारायचं आहे

नमस्कार मंडळी,

पुतणीचं बी.ए. झालं. तिला एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं आहे आणि बंगळुरूच्या एका कॅथलिक विद्यापीठाच्या यादीत नाव लागलं आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस-तुरीवाले. घर तुकडोजी महाराजांना मानणारं, दादा रोज सांजेला सामुदायिक प्रार्थनेला बसतात. फीचं कसंही जमवू म्हणतात. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: "पोट्टी शिकाले चालली का थ्या लोकायच्या प्रार्थनेले?"

प्रश्न रास्त वाटला म्हणून वाचायला बसलो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० ला कॅथलिक विद्यापीठांसाठी 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हा दस्तऐवज काढला. त्यात प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य पूर्ण जपायला सांगितलं आहे. इतर धर्मांची मंडळी असतील तर त्यांच्या श्रद्धेनुसार चालणाऱ्या चिंतन-प्रार्थनेचाही मान ठेवायचा आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम २८(३) तर स्पष्टच आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. हे दादांना वाचून दाखवलं. ते बरेच निवळले.

माझी काळजी मात्र पुढची आहे. त्याच दस्तऐवजात सामाजिक न्यायासाठी सेवेची वृत्ती विद्यार्थ्यांत वाढवायला सांगितली आहे. न्याय, निसर्गाचं रक्षण, जगातल्या साधनसंपत्तीची न्याय्य वाटणी हे संशोधनाचे विषय म्हणून दिले आहेत. हे मला मनापासून पटतं. आमच्याकडेही प्रार्थना उठली की ग्रामसफाईचं बोलणं निघतं, त्यामुळे भक्ती आणि गावकाम एकत्र हे पोरीला नवीन नाही. पण शहरातल्या कॉलेजांची शिबिरं मी पाहिली आहेत. पोरं शाळेची भिंत रंगवतात, फोटो काढतात आणि जातात. पांदण रस्ता कुणी अडवला, पीकविम्याचे पैसे का आले नाहीत, ग्रामसभेत बाया का बोलत नाहीत, हे कुणी विचारत नाही.

म्हणून तिथं शिकलेल्यांना विचारतो. फील्डवर्क खरंच खेड्यात, लोकांसोबत बसून होतं का, की तासांची नोंद आणि प्रमाणपत्र एवढंच? तिथले फादर-सिस्टर दुसऱ्या धर्माच्या मुलामुलींशी श्रद्धेबद्दल मोकळेपणी बोलतात का? बोलणं व्हावं असंच मला वाटतं, फक्त दबाव नको. आणि सरकारच्या विरोधात जाणारा प्रश्न विद्यार्थ्याने उचलला तर विद्यापीठ पाठीशी उभं राहतं का?

माझं मत पाठवावं असंच आहे. पण फी भरायची मुदत जवळ आली आहे आणि दादांना कागदापेक्षा माणसाचा शब्द पटतो. कुणाची मुलगी तिथं हॉस्टेलला राहिली असेल तर आधी त्यांनी लिहा, तेच त्यांना वाचून दाखवतो.